श्री किती लावू?

भारताच्या राज्यघटनेचं अठरावं कलम फारसं कुणाला ठाऊक नसतं. सैन्यातला हुद्दा आणि शिक्षणातली पदवी सोडली तर सरकारनं कुणालाही कसलाही किताब द्यायचा नाही, असं ते सांगतं. त्यामुळे नवे रावबहादूर, रावसाहेब आणि सर निघायची वाटच बंद झाली. पुढे भारतरत्न आणि पद्म पुरस्कारांवरूनही कुणीतरी कोर्टात गेलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली निकाल दिला की पुरस्कार खुशाल घ्या, पण नावाच्या मागेपुढे लावू नका. म्हणजे गाऊन गाऊन ज्याचं आयुष्य गेलं त्यानं लेटरहेडवर नावाआधी 'पद्मश्री' छापली तर ती चूक. आणि आमच्या नाक्यावरच्या फलकावर 'अनंत श्रीविभूषित श्री श्री १००८' असं लिहिलेले बाबा मात्र कायद्यात चोख बसतात. घटनेनं बांधलं ते सरकारला, भक्तांना बांधायचं राहूनच गेलं. त्याच कलमात भारतीय नागरिकानं परकीय राज्याकडून किताब घेऊ नये असंही म्हटलंय. आता वैकुंठ हे परराज्य धरायचं की नाही, यावर घटनातज्ज्ञांनी अद्याप तोंड उघडलेलं नाही.

या श्रींचं गणित फार जुनं आहे. पत्र कसं लिहावं हे सांगणारा एक संस्कृत श्लोक आहे, त्यात श्रींचं चक्क दरपत्रक दिलंय. गुरूला सहा श्री, धन्याला पाच, शत्रूला चार, मित्राला तीन, नोकराला दोन आणि बायकोमुलांना एकेक. मित्रापेक्षा शत्रूला एक श्री जास्त! हे लिहिणारा पंडित चार घरचं पाणी प्यालेला असणार. बायकोला एक आणि नोकराला दोन हा हिशेब त्यानं घरी वाचून दाखवला होता का, हे मात्र कळायला मार्ग नाही. मुद्दा असा की गुरूची कमाल मर्यादा सहा होती. तिथून १०८ आणि १०८ वरून १००८ ही जी भाववाढ झाली, तिच्यापुढे सोन्याचा भावही लाजेल. आणि हे श्री प्रत्यक्षात कुणी म्हणत नाही. सेकंदाला दोन श्री धरले तरी १००८ संपायला आठ मिनिटांच्या वर लागतील आणि तोवर प्रवचन ऐकायला आलेले लोक चपला शोधायला लागतील. म्हणून सूत्रसंचालक 'श्री श्री एक हजार आठ' एवढंच म्हणतो. रक्कम आकड्यात सांगून मोकळं व्हायचं, नोटा मोजत बसायचं नाही.

या पार्श्वभूमीवर बंगळुरूचे श्री श्री रविशंकर दोनच श्रींवर थांबले, हा मला त्यांचा संयम वाटतो. हे दोन श्रीसुद्धा गरजेपोटी आले म्हणतात. ते आधी पंडित रविशंकर होते आणि त्याच नावाचे सतारीचे पंडितजी जगभर गाजत होते. त्यांनी नाराजी दाखवली, मग घोटाळा नको म्हणून श्री जोडले गेले अशी हकिकत सांगतात. एका गावात एकाच नावाचे दोन डॉक्टर असले की एक जण पाटीवर 'लंडन रिटर्न' लिहितो, त्यातला प्रकार.

उपाधी मिळवायचा रीतसर मार्ग म्हणजे आखाडे. साधूंचे एकूण तेरा मान्य आखाडे. दशनामी परंपरेत संन्यास घेतला की गिरी, पुरी, भारती, सरस्वती, तीर्थ, आश्रम, वन, अरण्य, पर्वत, सागर या दहांपैकी एक नाव मिळतं. माणसानं घरदार सोडलं, स्वतःचं श्राद्धसुद्धा स्वतःच्या हातानं उरकलं, तरी आडनाव काही सुटत नाही, फक्त बदलून मिळतं. वर चढत गेलं की महामंडलेश्वर. त्याचा पट्टाभिषेक होतो, मंत्र म्हटले जातात आणि जमलेले साधू एकेक करून नव्या महामंडलेश्वराच्या खांद्यावर चादर घालतात. प्रयागच्या माघातल्या थंडीत ही पद्धत ज्यानं काढली तो अध्यात्माइतकाच हवामानाचाही जाणकार होता.

जानेवारी २०२५ मध्ये प्रयागराजच्या महाकुंभात आपल्या मुंबईच्या, एकेकाळच्या सिनेनटी ममता कुलकर्णी किन्नर आखाड्याच्या महामंडलेश्वर झाल्या. नाव मिळालं यमाई ममता नंद गिरी. औंधच्या डोंगरावरची यमाई अशी अचानक संगमावर भेटल्यावर आमच्या साताऱ्याकडच्या लोकांना घरचं माणूस दिसल्यासारखं झालं. पण महिना पुरा व्हायच्या आत नेमणूक, हरकत, हकालपट्टीची घोषणा, राजीनामा आणि राजीनामा नामंजूर, एवढं सगळं उरकलं. हीच फाइल एखाद्या सरकारी खात्यात असती तर ममताबाई पेन्शनीत निघाल्या असत्या. २०२७ ला नाशिक-त्र्यंबकचा सिंहस्थ आहे. चादरी कमी पडू नयेत एवढी काळजी प्रशासनानं घ्यावी.

नको त्यांना पदवी मिळते अशी ओरड आतूनही होतेच. सप्टेंबर २०१७ मध्ये आखाडा परिषदेनं चौदा 'भोंदू बाबां'ची यादीच जाहीर केली. त्याच महिन्यात अलाहाबाद उच्च न्यायालयाचा निकाल आला. बद्रीनाथकडच्या ज्योतिर्मठाच्या शंकराचार्यपदावर दोन स्वामींचा दावा होता आणि भांडण वर्षानुवर्षं चाललं होतं. न्यायालयानं दोघांचेही दावे अवैध ठरवले आणि नवा शंकराचार्य निवडा म्हणून सांगितलं. जगाला मिथ्या म्हणणाऱ्या आचार्यांची गादी कुणाची, हे साक्षीपुरावे बघून न्यायमूर्तींच्या खंडपीठाला ठरवावं लागलं. आद्य शंकराचार्यांनी वादात भल्याभल्यांना हरवलं, पण त्यांना तारखा पडत नव्हत्या.

जगद्गुरू नेमण्याची एक गोष्ट आपल्या कोल्हापूरचीही आहे. वेदोक्ताच्या प्रकरणात भटजींनी वेदमंत्रांचा अधिकार नाकारून छत्रपतींनाच त्यांची पायरी दाखवायला घेतली. राजर्षी शाहू महाराजांनी पुढे १९२० साली पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठात सदाशिवराव पाटील बेनाडीकर यांना क्षात्रजगद्गुरू म्हणून बसवलं. त्यामागे खरा संताप होता, म्हणून त्यावर विनोद करवत नाही. एवढंच म्हणतो, की धर्माची सर्वांत वरची पदवी एका संस्थानच्या हुकमानं काढता येते हे महाराजांनी दाखवून दिलं आणि ज्यांना ते रुचलं नाही त्यांना आपल्या पदव्या नेमक्या कुणाच्या सहीनं निघाल्या होत्या हे काही सांगता आलं नाही.

मला स्वतःला, आपली पदवी आपणच ठरवणारे लोक जास्त प्रामाणिक वाटतात. त्यातले शिरोमणी कोरेगाव पार्कातले. चंद्रमोहन जैन जबलपूरला तत्त्वज्ञान शिकवत, तिथून ते आचार्य रजनीश झाले. १९७१ मध्ये भगवान श्री रजनीश झाले. १९७४ मध्ये पुण्यात आले आणि 'भगवान के पास जाना है' असं एखादा गोरा म्हणाला की वैकुंठाकडे न वळता कोरेगाव पार्कला वळायचं, हे पुण्याचा रिक्षावाला शिकला. मग अमेरिका झाली, तिथल्या भानगडी झाल्या, पुन्हा पुणं झालं. डिसेंबर १९८८ मध्ये भगवानांनी जाहीर केलं की गौतम बुद्ध आपल्या देहात मुक्कामाला आलेत. चार दिवसांत पाहुणे परत गेले. बुद्धांना एकदाच जेवायचं असे, झोपायचं तर उजव्याच कुशीवर, आणि यजमानांना या सवयी काही जमेनात. अडीच हजार वर्षांनी परत आलेल्या तथागतांना पुण्यात जेवणाच्या वेळेवरून निघावं लागलं! त्यानंतर 'भगवान' हा एक विनोद होता, आता पुरे, असं म्हणून त्यांनी तेही पद टाकलं आणि १९८९ मध्ये ओशो झाले. आयुष्यभर उपाधी बदलत राहिले आणि प्रत्येक वेळी आधीची टाकली, हे लक्षात घ्या. त्याची किंमत पुढे कळेल. त्यांच्या माघारी काय झालं? 'ओशो' हा आमचा ट्रेडमार्क आहे असं अनुयायांच्या एका गटानं म्हटलं, दुसऱ्यानं नाही म्हटलं, आणि २००९ मध्ये अमेरिकेतल्या ट्रेडमार्क मंडळानं ठरवलं की हा शब्द कुणा एकाच्या मालकीचा नाही. ब्रह्मज्ञान अखेर साबण आणि टूथपेस्टच्या फाइलींशेजारी जाऊन बसलं.

उलट इस्कॉनचे प्रभुपाद काही म्हणजे काही टाकत नसत. जन्मनाव अभय चरण डे. १९४७ मध्ये वैष्णव मंडळींनी 'भक्तिवेदांत' दिलं, १९५९ मध्ये संन्यास घेतल्यावर 'स्वामी' आलं, अमेरिकेत गेल्यावर शिष्यांच्या तोंडी 'प्रभुपाद' बसलं. सगळं एकापुढे एक जोडलं गेलं आणि तरी सुरुवातीला 'ए. सी.' ही आईबापांनी दिलेली आद्याक्षरं शाबूत राहिली. कलकत्त्याच्या उकाड्यात वाढलेल्या माणसाला तेवढा हक्क आहे.

आता खऱ्या अर्थानं मोठ्या माणसांकडे वळलं की एक गंमत दिसते. पदवी घ्यायला ते कुठे गेलेलेच नसतात. तिरुवण्णामलैच्या डोंगरावर वेंकटरामन नावाचा तरुण वर्षानुवर्षं गप्प बसून होता आणि लोक त्याला ब्राह्मणस्वामी म्हणत. १९०७ साली गणपती मुनी हे विद्वान डोंगर चढून त्याच्याकडे गेले, तप म्हणजे काय ते विचारलं, उत्तरानं भारावले आणि जाहीर केलं की हे भगवान श्री रमण महर्षी. स्वतः मुनींना काही वर्षांपूर्वी बंगालात नवद्वीपच्या पंडितांकडून 'काव्यकंठ' मिळालेली होती, त्यामुळे कागदपत्रं व्यवस्थित होती. महर्षी मात्र जिथे बसले होते तिथेच बसून राहिले.

दक्षिणेश्वरला याहून बहार झाली. देवीच्या पूजाऱ्याला वेड लागलंय की काय, अशी लोकांची चर्चा चालली होती. १८६१ मध्ये भैरवी ब्राह्मणी नावाची एक साधिका तिथे आली आणि म्हणाली, हे वेड नव्हे, हा अवतार आहे. नुसतं म्हणून थांबली नाही. पंडितांची सभा भरवायला लावली आणि शास्त्राधारानं ते पटवूनही दिलं. पंडितांनी मान डोलावली. या सगळ्यावर रामकृष्णांचं म्हणणं काय, तर हा रोग नाही हे ऐकून बरं वाटलं! आजवर कुठल्याही सन्मानमूर्तीनं सत्काराला इतकं समर्पक उत्तर दिलेलं माझ्या ऐकिवात नाही.

आपल्या मराठी मुलखाची तऱ्हा तर अगदीच साधी. इथे लोक संताला पदवी देत नसत, हातात किंवा तोंडात जे दिसेल त्यावरून हाक मारत. शेंडगावचा डेबूजी जानोरकर फुटकं गाडगं घेऊन फिरायचा, म्हणून गाडगेबाबा. शिर्डीला एक फकीर खंडोबाच्या देवळापाशी आला, म्हाळसापतींनी 'या साई' म्हणून स्वागत केलं आणि तेच नाव जगभर गेलं. शेगावला १८७८ मध्ये प्रकटलेले महाराज 'गण गण गणात बोते' म्हणत, म्हणून गजानन. तेही नसलं तर आम्ही गावाचं नाव लावून मोकळे होतो. गोंदवलेकर, केडगावकर, सातारकर, देगलूरकर. ब्रह्मचैतन्य म्हणायला जीभ अडखळते, गोंदवलेकर म्हटलं की एसटीची पाटी दिसते. आणि खूप जवळचा वाटला तर सरळ नात्यात ओढतो. स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, वारकऱ्यांचा मोठा आधार असलेले शं. वा. दांडेकर आम्हाला मामा दांडेकर. पांडुरंगशास्त्री आठवले दादा. बायकांच्या बाबतीत तर नात्यापलीकडे आम्ही सहसा जातच नाही. आई, माई, अक्का, ताई, अम्मा. बाईला जगद्गुरू म्हणायची वेळ आली की सगळ्या सांप्रदायिकांना अचानक घरगुती वातावरण आठवतं.

हे साधेपण टिकतं ते फार तर माणूस हयात असेपर्यंत. एकदा समाधी झाली की हात मोकळे. ज्ञानोबांच्या कुटुंबाकडे पैठणहून शुद्धिपत्र आणायला सांगणारे लोक होते. तुकोबांना कविता करण्याचा अधिकारच काय, असं विचारणारे होते. त्या दोघांना सर्व पदव्या नंतर, एकदम आणि थकबाकीसकट मिळाल्या. गाडगेबाबा आपण कुणाचे गुरू नाही असं बजावत राहिले, पाया पडायला येणाऱ्यावर खराटा उगारत. आज ते अमरावतीचं विद्यापीठ आहेत. यावलीचा माणिक इंगळे गुरूकडून 'तुकड्या' एवढंच नाव घेऊन आला. त्याचे तुकडोजी झाले, तुकडोजींचे महाराज झाले, महाराजांचे राष्ट्रसंत झाले आणि मग त्या सगळ्याचं मिळून नागपूरचं विद्यापीठ झालं. इथे पोरांनी संतांना वाचवलं. परीक्षेच्या फॉर्मवर ते सगळं मावत नाही म्हणून ती 'आरटीएमएनयू' म्हणतात. आणि शिर्डीच्या त्या दोन अक्षरी साईंच्या आधी आरती संपताना जी ललकारी होते, 'अनंतकोटी ब्रह्मांडनायक राजाधिराज योगिराज परब्रह्म श्री सच्चिदानंद सद्गुरू', ती एका दमात म्हणणाऱ्याला प्राणायाम वेगळा करावा लागत नाही.

वारीत मात्र एक निराळाच कारभार असतो. ज्ञानेश्वरांना दिलेली सगळ्यात मोठी उपाधी माऊली. ती तिथे फुकट वाटतात. 'माऊली, जरा सरका', 'माऊली, चहा घ्या', 'माऊली, तुमचा पाय माझ्या पिशवीवर आहे'. हवालदार माऊली, टँकरवाला माऊली, खिसा कापला गेल्यावर चोरालाही 'कुठं गेली ती माऊली' म्हणूनच शोधतात. सगळ्यांनाच पदवी दिली की छापायचा प्रश्न मिटतो.

छापायचा प्रश्न खरा उभा राहतो तो गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहात. सप्ताहाची पत्रिका हा मराठीतला दुर्लक्षित वाङ्मयप्रकार आहे. पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, शेवटच्या दिवशी काला, आणि प्रत्येक ओळीत ह.भ.प. हरिभक्तपरायण हा भारदस्त शब्द आम्ही तीन टिंबांत बसवला आणि तिथे जागा झाली म्हणून पुढे भर घातली. भागवताचार्य, रामायणाचार्य, विनोदाचार्य, गायनसम्राट, मृदंगमहामेरू, समाजप्रबोधनकार, टीव्ही फेम. नऊ वर्षांचा मुलगा असला तर बालकीर्तनकार, मिसरूड फुटलं की युवा कीर्तनकार. जेवण देणारे अन्नदाते दानशूर, गावचे पोलीस पाटील कार्यसम्राट. अख्ख्या पत्रिकेवर नुसतं नाव असलेला माणूस एकच, मंडपवाला. कारण त्याच्या नावाखाली मोबाइल नंबर असतो आणि तो लागायला हवा असतो.

आमच्या तालुक्याला एसटी स्टँडसमोर अशा पत्रिका आणि फ्लेक्स करून देणारे एक काका आहेत. हंगामात त्यांच्या दुकानात बसलं की धर्माचा इतिहास डोळ्यांसमोर घडताना दिसतो. 'श्री किती लावू?' हा त्यांचा पहिला प्रश्न, 'ॲडव्हान्स किती देताय?' हा दुसरा. काकांचं म्हणणं असं की इतक्या वर्षांत कुठलाही महाराज स्वतः दुकानाची पायरी चढलेला नाही. येतात ती पोरं. महाराजांना आपल्या नावापुढे काय लागणार आहे हे बहुतेक वेळा मंडपात शिरताना कळतं, आणि तेव्हा मान खाली घालून हसण्यापलीकडे त्यांच्या हातात काही नसतं. पोरांचं दुखणं वेगळंच असतं. शेजारच्या वाडीनं आणलेल्या महाराजांना तीन उपाध्या असतील तर आपल्या महाराजांना चार हव्यात. कीर्तन कोण जास्त चांगलं करतो हे कुणाला मोजता येत नाही, पण उपाध्या मोजता येतात.

काम कसं चालतं तेही पाहिलं. काका मागच्या वर्षीची फाइल उघडतात. पोरगं सांगतं, 'काका, यंदा शिवचरित्रकार पण टाका.'

'टाकतो. मागचं कुठलं काढू?'

'काढू नका ना काही. महाराजांना वाईट वाटंल.'

अशी दर साली भर पडते. चौकट मात्र तेवढीच, पानाचं माप तेवढंच. मग काका उपाध्या ठळक ठेवतात आणि त्यांना जागा व्हावी म्हणून नाव एकेका पॉइंटानं बारीक करत जातात. त्या दुकानात एका भागवताचार्यांची अशी पत्रिका भिंतीला लावलेली आहे, की त्यांचं नाव वाचायला मला चष्मा पुसावा लागला.

परवा मात्र चार पोरं वेगळीच अडचण घेऊन आली. महाराजांची सक्त ताकीद होती. नावामागे काही लावायचं नाही, फोटो तर मुळीच नाही. काकांनी समाधानानं नुसतं नाव टाइप केलं आणि दहा बाय पंधराच्या फ्लेक्सवर मधोमध ठेवलं. चारी बाजूंना मोकळं आकाश. पोरं बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली.

'काका, उघडं उघडं वाटतंय हो.'

'महाराजांनीच सांगितलंय ना?'

'सांगितलंय. पण लोकांना कसं कळणार, की महाराजांनी नको म्हटलंय म्हणून?'

हा मुद्दा बिनतोड होता. बाहेर जाऊन फोन झाले, गावातल्या मराठीच्या गुरुजींना विचारलं गेलं, आणि पोरं शब्द घेऊन परत आली. 'प्रसिद्धिपराङ्मुख'. त्यातला ङ कीबोर्डावर कुठे आहे हे शोधण्यात काकांचा दुपारचा चहा गार झाला. शेवटी तो सापडला, लाल रंगात, सोनेरी कड देऊन बसला, आणि शब्द एका ओळीत मावेना म्हणून फ्लेक्स दहा बाय वीसचा करावा लागला. महाराजांचा फोटो नव्हताच. उरलेली जागा शुभेच्छुकांनी आपापसांत वाटून घेतली.